पितळी गेज आणि अमोनियाची मोकळी जोडी

तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याचा हंगाम जोरात असला की कोल्ड स्टोरेजवाल्यांचे फोन वेळ-काळ बघत नाहीत. कुणाचा काँप्रेसर ट्रिप होतो, कुणाच्या चेंबरचं तापमान उतरत नाही. ही स्टोरेज गार ठेवणाऱ्या अमोनिया प्लँटच्या देखभालीची कंत्राटं मी घेतो. शिक्षण बी.एस्सी. केमिस्ट्री, त्यामुळे या धंद्यातले डिप्लोमावाले मला अजून 'केमिस्ट' म्हणूनच हाक मारतात, आणि त्यात कौतुक कमी, खोच जास्त असते. त्या सकाळी फोन होता एका स्टोरेजवरच्या जुन्या ऑपरेटरचा. सगळे त्यांना नाना म्हणतात. नाना कधी घाईनं बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र एका दमात म्हणाले, "साहेब, मशीन रूममधी वास लई वाढलाय. डोळं उघडंनात. निघा."

अमोनियाच्या प्लँटवर वास येणं ही काही बातमी नव्हे. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची ग्लँड, म्हणजे गळती रोखणारं पॅकिंग, जरा ढिली असली तरी येतो. आठ तासांच्या पाळीसाठी हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग ही मर्यादा धरतात, आणि तेवढ्याला नाक कुरकुर करायला लागतंच. 300 भागांपाशी मात्र जिवाशी गाठ असते. नाना चाळीस उन्हाळे या वासात काढलेला माणूस. त्यांचे डोळे उघडत नाहीत म्हणजे प्रकरण पंचवीस-पन्नासचं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा नानांनी बाहेरचा मेन स्विच पाडला होता, काँप्रेसर बंद होते. प्रतवारीच्या शेडमधल्या बायकांनाही बाहेर काढलं होतं. पण त्या सगळ्या उभ्या होत्या फाटकापाशी, आणि वारा मशीन रूमवरून थेट फाटकाकडे वाहत होता. गळतीच्या वेळी लोक दाराकडे पळतात, वाऱ्याकडे कुणी बघत नाही. त्यांना वाऱ्याच्या आडव्या दिशेनं रस्त्यापलीकडच्या द्राक्षबागेत नेलं. एक मावशी कोरडा पदर नाकावर घट्ट दाबून खोकत होत्या. त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली, म्हटलं, "पदर ओला करा, मावशी, मग धरा." ओल्या पदरातून दोन-चार श्वास घेतल्यावर खोकला जरा बसला. कोरड्या कापडातून हा वायू सरळ आत येतो, ओल्या कापडात बराचसा अडकतो. साध्या तापमानाला एक लिटर पाणी अमोनियाचे जवळपास 700 लिटर गिळतं. एका पोरीचे डोळे लाल झाले होते. तिला नळाखाली पंधरा मिनिटं डोळे धुवायला लावलं आणि गाडी करून दवाखान्यात पाठवलं.

मग मास्क चढवून मी आणि नाना आत. आमचा ट्रेनी पोरगा दारात पाण्याचा पाइप धरून उभा. बारावी सायन्स करून आयटीआयला रेफ्रिजरेशन केलेला, नुकताच माझ्याकडे लागलेला. नाना सवयीनं गंधकाची कांडी खिशात घालून आले होते. बारीक गळती शोधायला ती झकास. जळत्या गंधकाचा धूर अमोनियाला भेटला की तिथंच पांढरा धूर उठतो, आणि गळकं ठिकाण बोटानं दाखवल्यासारखं दिसतं. पण हवेत अमोनिया 15 ते 28 टक्के झाला तर तो पेट घेतो. खोलीत नेमका किती साठलाय हे कळल्याशिवाय तिथं जाळ नेणं नको होतं. कांडी बाहेर ठेवायला लावली.

शोधावं फार लागलंच नाही. रिसीव्हरच्या, म्हणजे द्रव अमोनिया साठवायच्या टाकीच्या, डोक्यावरून 'स्सस्' असा सलग आवाज येत होता. त्या उन्हात रिसीव्हरमध्ये साडेबारा किलोचा दाब असायला हवा. काँप्रेसरकडून येणाऱ्या शेजारच्या डिस्चार्ज लाइनवरचं दाब मोजायचं गेज तसं दाखवतही होतं, पण रिसीव्हरवरच्या गेजचा काटा नवाच्या खाली लटकला होता आणि आवाज त्याच्याच पोटातून येत होता. गेजच्या खालचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, आवाज थांबला. एवढंच. दारं-खिडक्या उघड्या टाकून तासभर हवा खेळू दिली.

या गोष्टीत मला सांगण्यासारखं जे आहे ते इथून पुढं आहे.

गेज उतरवून ऑफिसच्या ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवलं. बाहेरून सगळं चंदेरी, कारण हंगामाआधी पेंटरनं पाइप, व्हॉल्व्ह, गेज सगळ्यावर एकच चंदेरी रंग मारला होता. आट्यांपाशी रंगाचा पापुद्रा सुटला होता आणि त्याखाली निळसर हिरवट खर साचली होती. मी कानशीनं बुडख्यावर एक रेघ मारली. पिवळी. पितळ!

काच काढून आत बघितलं. गेजच्या आत इंग्रजी सी अक्षरासारखी वळवलेली चपटी नळी असते. दाब आला की ती उलगडायला बघते आणि त्या हालचालीवर काटा फिरतो. त्या नळीच्या बाहेरच्या वळणावर लांबीच्या दिशेनं एक चीर होती. केसाएवढी. नुसत्या डोळ्यांना संशय यावा इतपतच, पण अंगठ्याचं नख फिरवलं की अडकत होतं. चिरेच्या दोन्ही कडांना गडद निळी भुकटी. आणि बाकीची नळी? अगदी नवीकोरी. कुठं झिजलेली नाही, पातळ झालेली नाही. हे बघून खरं तर मी मनात खूष झालो, पण मालक शेजारीच उभे असल्यानं तसं दाखवता येईना.

मालकांना पटेना. "अहो, पितळ म्हणजे चांगलाच माल की! लोखंड गंजतं, पितळ गंजत नाही. आणि काटा तर बरोबर दाखवत होता इतके दिवस." आधीचं गेज फुटलं तेव्हा हवेच्या काँप्रेसरच्या स्पेअरच्या दुकानातून हे आणलं होतं. दाबाची रेंज तीच, आटे तेच, किंमत निम्म्याहून कमी. अमोनियाच्या गेजच्या डायलवर तसं स्पष्ट छापलेलं असतं, बहुधा तापमानाची एक वेगळी पट्टीही असते, आणि आतली नळी स्टेनलेसची असते. या डायलवर यातलं काही नव्हतं.

ट्रेनी पोरानं विचारलं, "सर, अमोनियाला पितळ चालत नाही हे आम्हाला आयटीआयला सांगितलंय. पण का चालत नाही?"

मी त्याला उलटं विचारलं, "लोन पेअर शिकलास ना अकरावीला?"

त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं. नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन. तीन हायड्रोजनशी जोड्या लावण्यात गेले, म्हणजे बंधातल्या जोड्या तीन. उरलेले दोन कुठल्याच बंधात नाहीत, ती एक लोन पेअर, म्हणजे मोकळी जोडी. बंधातली जोडी दोन अणूंच्या मध्ये धरलेली असते, लोन पेअर एकाच अणूकडे असल्यानं ऐसपैस पसरते आणि बाकीच्या तिघींना रेटते. म्हणून मिथेनचा कोन 109.5 अंश, अमोनियाचा 107. पाण्यात अशा दोन जोड्या, म्हणून 104.5. सीईटीला हे हमखास येतं, असंही त्यानं शेवटी जोडलं.

"बरोबर. आणि मग ती जोडी पुढं काय करते?"

तो गप्प. त्यात त्याचा दोष नाही. आपल्याकडे ही जोडी कोन मोजायला शिकवतात आणि कोन मोजून झाला की धडा संपतो. मी आजवर कुठल्याही प्लँटवर कुणाला अमोनियाचा कोन मोजताना बघितलेलं नाही. उलट प्लँटवर आपण दिवसभर जे जे करतो ते त्या दोन इलेक्ट्रॉनांमुळंच.

अमोनिया मुळात थंडाव्यासाठी का वापरायचा इथपासूनच. एका रेणूची मोकळी जोडी शेजारच्या रेणूच्या हायड्रोजनला धरते, त्यामुळं रेणू एकमेकांना बिलगून राहतात आणि त्यांना सुटं करून वाफ करायला भरपूर उष्णता लागते. ही उष्णता चेंबरमधून खेचली जाते, म्हणून बेदाणा गार राहतो. उकळबिंदूपाशी एक किलो अमोनियाची वाफ व्हायला साधारण 1370 किलोज्यूल लागतात, थंडाव्याच्याच आर-22 या दुसऱ्या गॅसला त्याच्या एक षष्ठांश. नायट्रोजनच्या खालच्या घरातला फॉस्फरस घ्या. त्याच्याही हायड्राइडवर एक मोकळी जोडी आहे, पण ती हायड्रोजनला अशी धरत नाही. परिणाम असा की फॉस्फीनचा रेणू दुप्पट जड असूनही उणे 88 अंशालाच उकळतो आणि अमोनिया उणे 33 ला. मावशींचा ओला पदर चालला तो याच जोडीमुळं, फक्त या वेळी धरलेला हायड्रोजन पाण्याचा होता. आणि त्या पोरीचे डोळे चुरचुरले तेही त्यामुळंच. डोळ्यांतल्या पाण्यात हा वायू तितक्याच आवडीनं विरघळतो, पाण्याचा एक हायड्रोजन आयन त्या जोडीवर ओढून घेतो आणि मागं अल्कली सोडतो.

लुईसनं 1916 मध्ये रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या ठिपक्यांनी मांडल्या आणि 1923 मध्ये आम्ल-अल्कलीची व्याख्याच त्यावर बसवली. जोडी देतो तो अल्कली, घेतो तो आम्ल. या व्याख्येनं बघितलं तर तांब्याचा आयन हाही एक घेणाराच. आणि चांगलाच घेणारा.

हे बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता. माझ्या गाडीत लायकर अमोनियाची, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या अमोनियाची, बाटली असते. काचेच्या दोन बरण्या घेतल्या, दोन्हींत तांब्याच्या वायरीचे तुकडे टाकले. एक बरणी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलं, दुसरी अर्धीच भरली आणि पोराला म्हटलं, ही अधूनमधून हलवत राहा. चहा आला, मालक त्यांच्या विमावाल्याशी फोनवर बोलत होते. थोड्या वेळात अर्ध्या बरणीतल्या वायरीभोवती निळी छटा सुटायला लागली. पुढं ती इतकी गडद झाली की वायर दिसेना. भरलेली बरणी अगदीच फिकी, जवळजवळ पाण्यासारखी.

"दुसऱ्या बरणीत का नाही?" पोरगा.

"हवा कुठाय त्यात? तांब्याचा आयन व्हायला आधी ऑक्सिजन लागतो. आयन झाला की अमोनियाचे चार रेणू चारी बाजूंनी आपापली जोडी घेऊन येतात आणि त्याला उचलून पाण्यात नेतात."

पोराचा चेहरा उजळला. "सर, हे तर प्रॅक्टिकलचं! सॉल्ट ॲनालिसिस! कॉपरमध्ये अमोनिया टाकला की आधी फिका निळा साका, जास्त टाकला की विरघळून गडद निळं. आणि फेरिकला, म्हणजे लोखंडाच्या क्षाराला, तपकिरी साका येतो, तो कितीही टाका, विरघळत नाही."

इथं मला खरोखर टाळी वाजवावीशी वाटली. कारण त्यानं एका वाक्यात अख्ख्या प्लँटचं मटेरियल सांगितलं होतं. लोखंड पाण्यातल्या अमोनियाच्या जोडीला भीक घालत नाही, म्हणून आपले पाइप, रिसीव्हर, व्हॉल्व्ह सगळे पोलादाचे. तांबं त्या जोडीच्या मागं जातं. आणि पितळात तांब्याबरोबर जस्त असतं. त्याचा साका? "तो पण जास्त अमोनियात विरघळतो," पोरगा म्हणाला. म्हणजे पितळातले दोन्ही धातू फितूर. गॅल्व्हनाइज पाइप अमोनियाला का लावत नाहीत तेही यातच आलं. बारावीच्या प्रयोगवहीत जे लिहून सह्या घेतल्या होत्या, ते ओट्यावर चिरफळलेल्या नळीच्या रूपात पडलं होतं.

नाना इतका वेळ ऐकत होते. त्यांनी मुद्द्याला हात घातला. "साहेब, पण नळी झिजली न्हाई, फाटली. विरघळायचं तर सगळीकडनं विरघळंल की."

हा प्रश्न केमिस्ट्रीच्या पुस्तकात नाही. पितळावर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तोच त्याला सांभाळतो. अमोनिया, थोडा दमटपणा आणि हवा एकत्र आले की हा थर विरघळून जातो. तसा तो सगळीकडेच थोडा थोडा जातो. पण जिथं धातू ताणात आहे तिथं हल्ला धातूच्या कणांच्या सीमेवरून आत घुसतो, ताण ती फट रुंदावतो, उघडा पडलेला नवा धातू पुन्हा हल्ल्याला मिळतो. गेजची नळी वळवतानाच तिच्यात ताण कोंडलेला असतो, वरून आतला दाब तिला सतत उलगडू बघतो. ताण नसता तर नळी वर्षानुवर्षं हळूहळू झिजली असती. अमोनिया नसता तर ताण सोसून बसली असती. आतला कोरडा शुद्ध अमोनिया एकटा फारसं काही करत नाही हेही खरं. पण मशीन रूमच्या हवेत ग्लँडमधून सुटलेला थोडा अमोनिया कायम असतो, कंडेन्सरच्या पाण्याचा दमटपणा असतो, आणि ही नळी त्या हवेत बाहेरच्या अंगानं उघडीच असते. चीर बाहेरच्या वळणावर होती ती त्यामुळं.

याची पहिली नोंद आपल्याच देशातली आहे, हे मी नानांना सांगितलं. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. पावसाळ्यात लढाया थंडावल्या की दारूगोळा कोरडा राहावा म्हणून तबेल्यात ठेवायचे. काडतुसाची नळी थंड अवस्थेत ओढून केलेली, म्हणजे ताण आतच भरलेला. आणि तबेल्यात घोड्यांच्या मुताचा अमोनिया. कारण नीट कळायला 1921 उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते मांडलं. उपायही साधा निघाला, काडतूस तापवून ताण काढून टाकायचा. नाना हसून म्हणाले, "म्हंजी घोड्यानं मुतून बंदुका मोडल्या." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

दुपारी पोरगा परत आला, बरणी हातात. "सर, पाण्यात तर दोन लोन पेअर आहेत. मग पाण्याच्या नळाच्या पितळी तोट्या का नाही फुटत?"

हा प्रश्न विचारणारा पोरगा आपल्याकडे टिकावा असं वाटतं. पाणीही तांब्याला जोडी देतंच. मोरचूद निळा दिसतो तो त्यातल्या पाण्यामुळं. तापवून पाणी काढून टाकलं की तो पांढरा पडतो, थेंबभर पाणी घातलं की पुन्हा निळा. पण ऑक्सिजनचा अणू आपले इलेक्ट्रॉन नायट्रोजनपेक्षा घट्ट धरून असतो, त्यामुळं देण्यात हात आखडता. तांब्याभोवती पाणी बसलेलं असताना अमोनिया आला की तो पाण्याला बाजूला सारून स्वतः बसतो, आणि फिका निळा गडद होतो. जोड्या किती आहेत ते मोजून भागत नाही, द्यायची तयारी किती ते बघावं लागतं. नायट्रोजन ट्रायफ्लोराइडवरही अमोनियासारखी एक मोकळी जोडी आहे. पण तीन फ्लोरीन नायट्रोजनला इतकं ओढतात की ती जोडी कुणाच्या कामाला येत नाही. तो उणे 129 अंशाला उकळतो.

संध्याकाळी फरशी धुण्याचं काम निघालं. वास जाता जाईना. नानांनी पोत्यातलं सायट्रिक ॲसिड पाण्यात कालवून फरशीवर पसरलं आणि थोड्या वेळात वास बसला. जोडीवर हायड्रोजन आयन बसला की अमोनियाचा अमोनियम होतो. मग द्यायला जोडीच उरत नाही, आणि आयन असल्यानं तो उडून नाकापर्यंत येतही नाही. धुतलेलं पाणी ओढ्याला सोडू दिलं नाही, माशांना हा वायू फार थोड्या प्रमाणातही घातक असतो. टँकर बोलवावा लागला, त्यावर मालक जरा कुरकुरले.

बेदाण्याचं नुकसान झालं नाही. चेंबरची दारं बंद होती, गळती मशीन रूमपुरती राहिली. डोळे लाल झालेली पोरगी दोन दिवसांनी कामावर आली.

राहिला प्रश्न बाकीच्या फिटिंगचा. चंदेरी रंगाखाली काय आहे ते दिसत नाही, आणि चुंबक लावून बघावं तर स्टेनलेसही बहुतेक वेळा चिकटत नाही, त्यामुळं कानस हाच मार्ग. पोरानं शिडी घेतली आणि एकेका गेजवर, एकेका छोट्या व्हॉल्व्हवर बारीक रेघ मारत गेला. पांढरी रेघ आली की पुढं. ऑइल ड्रेनच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह पिवळा निघाला. तो कुणी, कधी लावला हे कुणालाच आठवेना. त्याच्याही बुडाशी निळी खर होती, चीर अजून पडली नव्हती. तो त्याच दिवशी बदलला. स्टेनलेसच्या गेजचा भाव ऐकून मालकांनी नेहमीसारखी घासाघीस केली, शेवटी सगळी गेज एकदम बदलून घेतली आणि बिल महिन्याच्या मुदतीवर ठेवलं.

पेंटर मात्र चिडला. त्याच्या नव्या चंदेरी रंगावर आता जागोजाग रेघा होत्या. पुन्हा रंग मारायला आला तेव्हा पोरानं त्याला बजावलं की कानशीची जागा सोडून रंग मार.